पोर एकाएकी खाऊ लागले म्हणजे

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत पालकांची सभा भरली, त्या दिवशीची गोष्ट. आठवीतील एका विद्यार्थिनीची आई माझ्या टेबलापाशी येऊन बसली. मुलीचे गणिताचे गुण समाधानकारक नव्हते. त्याविषयीच बोलणे निघेल अशा समजुतीने मी तिची उत्तरपत्रिका काढून ठेविली होती. परंतु त्या माउलीने उत्तरपत्रिकेकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिच्या मनात घोळत होते ते मुलीच्या पाठचे साडेतीन वर्षांचे लेकरू.

"बाई, काही झालं तं नसंल न त्याले?" ती म्हणाली. "वर्षभर एकेका घासापायी माह्या जीव खाल्ला पोट्ट्यानं. आता पंधरा दिस झाले, ताट पुसून खाते अन् पुन्हा मांगते."

विचारता विचारता सर्व हकीकत कळली. वरण चालेल तर भात नको, भात चालेल तर त्यात जिऱ्याचा दाणा दिसता कामा नये, आणि भाजीचे नाव काढताच तोंड घट्ट मिटावयाचे, असा या मुलाचा वर्षभराचा क्रम होता. आजीने अंगणातील कोंबडी दाखवून एक घास भरवावा, शेजारच्या बैलजोडीची गोष्ट सांगून दुसरा भरवावा, असे तासभर चालावयाचे. आता तोच मुलगा सकाळी उठल्याबरोबर चुलीपाशी येऊन बसतो, ताईच्या ताटातील भाकरीवरही डोळा ठेवितो आणि रात्री निजताना पुन्हा भूक लागली म्हणतो. आनंद व्हावयाचा तो दूरच राहिला, घरात काळजी मात्र शिरली. आजीने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढिली. शेजारणीने छातीठोकपणे सांगितले की, पोटात जंत झाले आहेत, तेच खातात. एवढे खाऊन पोट बिघडेल, तेव्हा ताट आवरते घ्यावे, असा वडिलांचा सल्ला पडला. पोराला भूक लागली असेल, असे मात्र कोणी एकानेही म्हटले नाही.

प्रस्तुत लेख त्या न म्हटलेल्या वाक्यासाठी आहे. माझे मत असे आहे की, लहान मुलाची भूक ही त्याची स्वतःची असते. ती आपण त्याच्या पोटात घातलेली नाही आणि तिचे मापही आपल्या हाती दिलेले नाही. मूल खात नाही म्हणून आपण घाबरतो आणि तेच खाऊ लागले म्हणजेही घाबरतो. दोन्ही वेळी आपला अविश्वास असतो तो त्या भुकेवरच. या नियमाला एक अपवाद आहे व तो प्राणाशी गाठ घालणारा आहे. त्याविषयी पुढे लिहिते.

मूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खाईनासे होते, याचे कारण बहुतेक घरांत शोधले जाते ते त्याच्या स्वभावात. ते खरे असते त्याच्या वजनात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालकांच्या वाढीची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत मुलग्याचे मध्यम वजन जन्मतः ३.३ किलो, वर्षाचा होईल तेव्हा ९.६ किलो, दोन वर्षांचा होईल तेव्हा १२.२ आणि तीन वर्षांचा होईल तेव्हा १४.३ किलो दिले आहे. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलोंहून अधिक भर पडते, दुसऱ्यात अडीच किलोंच्या जवळपास आणि तिसऱ्यात दोनच किलो. ज्या दुकानातील गिऱ्हाईक असे अर्ध्याहून कमी झाले, त्या दुकानदाराने माल कमी मागविला तर त्याला कोणी आजारी म्हणत नाही. मुलाने घास कमी मागितला की मात्र आपण त्याला हट्टी ठरवितो. शिवाय त्याच सुमारास त्याला चालता येऊ लागलेले असते व 'नको' हा शब्द नुकताच सापडलेला असतो. तो शब्द चालवून पाहण्यास ताटाइतकी सोयीची जागा घरात दुसरी नाही.

वाढही वर्षाच्या बारा महिन्यांत सारखी वाटलेली नसते. पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या आईची एक लहानशी हकीकत आहे. मुलगा शिलोच्या मंदिरात सेवेस राहिला आणि हन्ना वर्षातून एकदा त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेऊ लागली. दूर असलेल्या मुलाचे माप तिने कोणत्या अंदाजाने घेतले असेल, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो; कारण जवळ असलेल्या मुलाचे मापही आपल्याला चुकते. जूनमध्ये घेतलेली चड्डी दिवाळीपर्यंत सैलच राहते व नाताळात एकदम आखूड होते. अमेरिकेत मिशेल लॅम्पल या विदुषीने ३१ तान्ह्या मुलांची लांबी वारंवार मोजून १९९२ साली असे प्रसिद्ध केले की, मूल दोन दिवसांपासून थेट त्रेसष्ट दिवसांपर्यंत मुळीच वाढत नाही आणि मग एका दिवसात अर्धा ते अडीच सेंटिमीटर वाढते. या निष्कर्षावर शास्त्रज्ञांत वादही झाले, आणि ती मुले दोन वर्षांच्या आतली होती, हेही खरे. परंतु वाढ सरळ रेषेत चालत नाही, हे कोणत्याही आईला चड्डीवरून ठाऊक असते. वाढ जर धक्क्याधक्क्याने होते, तर भुकेने एका संथ गतीने चालावे ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

आता आपल्या भंडारा जिल्ह्यापुरते एक कारण अधिक सांगितले पाहिजे. आपला जिल्हा तलावांचा व धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणीच्या दिवसांत आई सूर्योदयापूर्वी बांधीत जाते, मूल आजीच्या स्वाधीन असते, आणि बाहेर चिखल, डास, गढूळ पाणी. त्या तीन-चार महिन्यांत एखादा ताप, एखादी हगवण, एखादा खोकला मुलाला गाठतोच. आजारात भूक मरते, वजन थांबते अथवा उतरते. पुढे पाऊस सरतो, हलके धान घरात येते, आई दिवसा घरी दिसू लागते, आणि मूल खाऊ लागते. ते नुसते पोट भरीत नसते. राहिलेली वाढ भरून काढीत असते. प्राडर, टॅनर व फॉन हारनाक या वैद्यांनी १९६३ साली या गोष्टीचे वर्णन करून तिला नाव दिले. मराठीत आपण तिला भरपाईची वाढ म्हणू. आजारातून उठलेले मूल काही काळ नेहमीपेक्षा पुष्कळ वेगाने वाढते व आपल्या मूळच्या रेषेवर पोहोचले म्हणजे पुन्हा मंदावते. अशा वेळी ताट आवरते घेणे म्हणजे भिंत उभी राहत असता गवंड्याच्या हातातील विटा काढून घेणे होय.

त्या माउलीच्या घरीही असेच घडले होते. श्रावणात मुलाला ताप येऊन गेला होता आणि त्यापाठोपाठ हगवण. हे तिने मी विचारल्यावर सांगितले. तिला त्या तापाचा व या भुकेचा संबंध वाटलाच नव्हता.

जंतांची समजूत तर उलटी करून पाहण्याजोगी आहे. पोटातील जंत मुलाचे अन्न खातात म्हणून मूल अधिक खाते, असे आपण मानतो. मोजून पाहणाऱ्यांस याच्या उलट आढळले. केनिया देशातील शाळकरी मुलग्यांस अल्बेंडाझोलचा एक डोस देऊन चार महिन्यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा औषध मिळालेल्या मुलांची भूक वाढलेली होती. हा वृत्तान्त १९९३ साली प्रसिद्ध झाला. अर्थात जंत भूक मारतात व जंत गेले की ती उघडते. आपल्या देशात २०१५ पासून फेब्रुवारीत जंतनाशक दिन पाळला जाऊ लागला, आणि अंगणवाडी व शाळा यांमधून एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांस तीच गोळी दिली जाते. दोन वर्षांच्या आतील मुलास अर्धी. तेव्हा गोळीनंतर काही दिवसांनी पोर अधिक मागू लागले तर शेजारणीने म्हणावे की जंत गेले; झाले असे म्हणू नये.

रक्त कमी असले म्हणजेही भूक मंदावते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरांत सुमारे ६९ मुलांच्या अंगी रक्त कमी आढळले. हा आकडा परक्या घरचा नव्हे. आणि त्या घरांतून सकाळी मुलाच्या हाती काय असते? चहाची बशी व त्यात बुडविलेला टोस्ट. चहाने अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा होतो, टोस्टाने पोट भरल्याचा भास होतो, आणि दहा वाजता मूल वरण-भाताकडे पाठ फिरविते. मग तेच मूल खात नाही म्हणून दुपारी पुन्हा बिस्कीट! मी स्वतः चहाबाज आहे, म्हणून चहाची निंदा करण्याचा मला फारसा अधिकार नाही; परंतु तीन वर्षांच्या मुलाला चहा देण्याचे काही एक कारण मला आजवर सापडलेले नाही.

मुलाच्या भुकेवर विश्वास कितपत ठेवावा, याची एक जुनी व मोठी मनोरंजक परीक्षा झाली आहे. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी, अंगावरून नुकतीच तुटलेली व वर्षाच्या आतली पंधरा मुले घेऊन त्यांच्यापुढे साधे, मीठ-साखर न घातलेले पदार्थ निरनिराळ्या वाट्यांतून मांडण्यास सुरुवात केली. धान्ये, फळे, भाज्या, दूध, अंडी, मांस मिळून एकंदर पदार्थ चौतीस. दाईने चमचा हाती घेऊन गप्प बसावयाचे; मुलाने वाटीकडे हात केला तरच त्या वाटीतील घास द्यावयाचा; हे खा, ते खा म्हणावयाचे नाही, पुरे म्हणावयाचे नाही, शाबासही म्हणावयाचे नाही. पहिला वृत्तान्त १९२८ साली व सविस्तर निवेदन १९३९ साली प्रसिद्ध झाले. कोणत्याही दोन मुलांचे जेवण सारखे नव्हते. एखादे पोर काही दिवस अंड्यांवर तुटून पडे व मग त्यांकडे पाहतही नसे. तथापि सर्व मुले उत्तम वाढली. त्यांतील एकाला मुडदूस झालेला होता. त्याच्यापुढे माशाच्या तेलाची वाटी ठेविली असता, हाडे सुधारेपर्यंत ते कडवट तेल तो आपण होऊन घेत राहिला व बरा झाल्यावर त्याने ते सोडून दिले.

हे वाचून कोणी आपल्या मुलापुढे किराणा दुकानातील रंगीत पाकिटे मांडील तर मात्र फसेल. डेव्हिसबाईंनीच स्पष्ट सांगितले होते की, या परीक्षेतील खरी खुबी पदार्थांच्या यादीत होती; त्या यादीत निरुपयोगी असे काही नव्हतेच. यावरून कामाची वाटणी निघते. काय रांधावयाचे व केव्हा वाढावयाचे, हे आईबापांचे काम. त्यांतले किती खावयाचे, हे मुलाचे. आपल्या घरांत बहुधा याच्या अगदी उलट चालते: काय हवे ते पोर ठरविते, पाकीटच पाहिजे म्हणून रस्त्यात लोळण घेते व मिळविते, आणि किती खावयाचे ते आजी ठरविते.

प्रत्येक जेवणाचा हिशेब ठेवणाऱ्या मातांसाठी आणखी एक गोष्ट. लीअन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे दिवसभराचे खाणे सहा दिवस मोजले. एका जेवणातून दुसऱ्या जेवणात सरासरी ३४ टक्क्यांचा फरक पडे. परंतु चोवीस तासांची बेरीज केली असता तो फरक १० टक्क्यांवर येई. सकाळी उपाशी राहिलेले पोर सायंकाळी हिशेब पुरा करीत होते, आणि त्याला बेरीज येत नव्हती!

संगतीचाही प्रभाव काही थोडा नाही. घरी भाजीला न शिवणारे मूल अंगणवाडीत पंक्तीला बसले की शेजारच्याचे पाहून तीच भाजी खाते, हे आपण नेहमी पाहतो. अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली, शाळेतील मध्यान्ह भोजनाची १९९५ साली. त्या योजनांतून किती उष्मांक मिळाले याचा हिशेब सरकार ठेविते, परंतु एकमेकांच्या ताटाकडे पाहून किती मुले खावयास शिकली, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. मुलाच्या एकाएकी वाढलेल्या भुकेचा शोध घेताना, ते अलीकडे कोणासोबत जेवते, हेही विचारून पाहावे.

आपल्या वडीलधाऱ्यांस भुकेल्या मुलाची धास्ती का वाटते, याचाही विचार झाला पाहिजे. मध्य प्रांतात, ज्यात त्या काळी भंडारा जिल्हा मोडत असे, १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ पडले. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई या प्रांतात आल्या आणि त्यांनी येथून शेकडो निराधार मुली पुणे-केडगावकडे नेल्या. कोवळ्या वयात दुष्काळातच आईबाप गमावलेल्या रमाबाईंस ती उपाशी तोंडे पाहून आपले बाळपण आठवले असल्यास नवल नाही. अशा काळातून गेलेल्या लोकांच्या घरात, सारखे खाऊ मागणारे पोर म्हणजे संकट, ही भावना मुरून राहते आणि धान्याची कोठी भरली तरी ती लवकर जात नाही. आजीने दृष्ट काढिली म्हणून मी तिला हसले नाही, ते यासाठी.

परंतु त्याच दुःखाने वैद्यांस एक धडा दिला आहे. अतिशय खंगलेल्या मुलाला भूक लागत नाही. अन्न पुढे असता ते तोंड फिरविते. म्हणून आजही पाच वर्षांच्या आतील ज्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरांहून बारीक भरतो, त्याच्यावर उपचार ठरविताना त्याची भूक पाहतात. दिलेले खाणे ते आपण होऊन खात असेल तर घरी राहून उपचार करता येतो, खात नसेल तर त्याला दवाखान्यात ठेवावे लागते. तेथेही आरंभी थोडे थोडे व वरचेवर देतात, कारण फार उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न सोसत नाही. मग एके दिवशी ते मूल आपण होऊन वाटी ओढते, तेव्हा परिचारिका एकमेकींकडे पाहून हसतात. याइराच्या मुलीची गोष्ट आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. बारा वर्षांची ती मुलगी उठून चालू लागली, घरातले सर्व आश्चर्याने थक्क झाले, आणि त्या गोंधळात प्रभूने सांगितले ते इतकेच, की हिला काही खावयास द्या. तेवढी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

आता तो अपवाद. मूल पुष्कळ खाते व तरीही वाळत जाते, असे दिसले तर तेथे विश्वास ठेवून स्वस्थ बसू नये. मुलांस होणाऱ्या मधुमेहात अन्नातील साखर रक्तात राहते, पण अंगी लागत नाही. म्हणून शरीर भुकेले राहते. त्याची खूण नुसत्या भुकेने पटत नाही, भुकेच्या सोबत्यांनी पटते: सारखी तहान, वारंवार लघवी, अंथरूण ओले करणे सुटलेल्या मुलाने पुन्हा ओले करणे, लघवीला मुंग्या लागणे, थकवा, उतरते वजन. यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन बोटातील रक्ताच्या थेंबाची साखर तपासून घ्यावी. ते काम मिनिटाचे आहे. मुलाला वांत्या होऊ लागल्या, श्वास जोराने चालू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. इन्सुलिन सापडण्यापूर्वी अशा मुलांस वैद्य मुद्दाम जवळजवळ उपाशी ठेवीत, कारण आयुष्याचे थोडे दिवस वाढविण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याने इन्सुलिन टोचले गेले आणि तो वाचला. आज त्या रोगाने मूल दगावते ते बहुधा ओळखण्यास उशीर झाल्यामुळे. दम्यासारख्या रोगांवर स्टेरॉइडची औषधे चालू असतील तर त्यांनीही भूक वाढते. तीही परस्पर बंद न करता डॉक्टरांस विचारावे. आणि भूक वाढविणारे म्हणून जे गोड औषध दुकानातून आणून घरोघरी पाजले जाते, त्यांतील कित्येकांत मुळात सर्दी-खाजेसाठी असलेले, झोप आणणारे औषध असते, हे मातांनी ध्यानात ठेवावे.

मी हे सर्व त्या माउलीला एका बैठकीत सांगितले असे नव्हे. मी विचारले तहान, लघवी, अंथरूण. तिन्हींचे उत्तर नाही असे आले. मग म्हटले, अंगणवाडीत नेऊन वजन करा व महिन्याने पुन्हा करा. काटा वर चालला असेल तर जेवू द्या. ती निर्धास्त झाली, तोंडावर हसू आले. उठता उठता मी सहज विचारले, "आणि ताई? ती जेवते ना नीट?"

"तिचं काय सांगू बाई," ती म्हणाली, "ते तं लय हावरी झाली. दोन भाकरी खाऊनशान तिसरीले हात घालते. म्या म्हनलं, पोरीच्या जातीले शोभते का?"

मुलगी तेथेच आईच्या पाठीशी उभी होती. तिने मान खाली घातली. वर्षापूर्वी माझ्या खांद्याखाली असलेली ती मुलगी आता माझ्या कानाला लागली होती, हे मला त्या क्षणी दिसले. आणि दुपारच्या तासाला ती बाकावर डोके टेकते म्हणून मी तिला दोनदा रागे भरले होते, हेही आठवले.

माझे म्हणणे असे की, या एका घरात एकाच महिन्यात दोन मुलांची भूक वाढली. एकाच्या भुकेची घरभर चर्चा झाली, दृष्ट निघाली, शाळेत येऊन सल्ला विचारला गेला. दुसरीच्या भुकेला 'हावरी' हा शब्द मिळाला. मुलींची उंची साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षी सर्वांत जोराने वाढते, मुलग्यांची त्यानंतर दोन वर्षांनी. त्याच सुमारास मुलींच्या अंगातून दरमहा रक्त जाऊ लागते व लोहाची गरज वाढते. म्हणजे ज्या वयात तिला तिसरी भाकरी खरोखर लागते, नेमक्या त्याच वयात ती मागणे तिला अशोभनीय ठरते. शिवाय पुष्कळ घरांत ती लहान भावाला भरवून, बापाला वाढून, मग आईबरोबर उरलेल्यावर बसते. बारीकसारीक खोड्या करून न जेवणाऱ्या मुलाचे कौतुक आणि मुकाट्याने जेवणाऱ्या मुलीची लाज, हा व्यवहार मी माझ्या नोकरीच्या वर्षांत इतक्या घरी पाहिला आहे की, त्याला केवळ गरिबीचे कारण देणे मला मान्य नाही. ज्या घरी भाकरी तीनच आहेत तेथील दुःख वेगळे. मी बोलते आहे ते ज्या घरी चौथी भाकरी टोपलीत झाकून ठेविलेली असते त्या घराविषयी.

माझ्या विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी कित्येकजणी घरी धाकट्यांना भरविता, म्हणून तुम्हांसही दोन शब्द. भावाने तोंड फिरविले तर घास मागे घ्या. कोंबडीची गोष्ट सांगावयाची तर जेवण झाल्यावर सांगा, ती त्याला अधिक आवडेल. त्याने पुन्हा मागितले तर पुन्हा वाढा. आणि तुम्हांला भूक लागली तर आपल्या ताटातही वाढून घ्या, विद्यार्थ्यांनो, तुम्हीही आपल्या बहिणीला वाढा. वाढावयास हात लागतात, आणि ते तुम्हांलाही दोन आहेत.

त्या घरची पुढची हकीकत थोडी आहे. भाद्रपदात त्या मुलाचे वजन ११.९ किलो होते, हे अंगणवाडीच्या वहीत सापडले. नाताळाच्या आठवड्यात ते १३.२ भरले. त्यानंतर महिन्याभरात त्याची भूक पुन्हा उतरली, आणि आता त्याला पुन्हा भातात जिरे चालत नाही. या वेळी आई सांगावयास आली नाही. मुलीनेच हसत हसत सांगितले. मुलीच्या रक्ताची तपासणी झाली, ते कमी निघाले, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. तिच्या डब्यात अलीकडे तीन भाकरी असतात. तिसरी ती झाकणाखाली थोडी लपवूनच खाते. दुपारच्या तासाला ती आता जागी असते. गणिताचे गुण अद्याप जेमतेमच आहेत.